भरलेली बाटली

कर्मचाऱ्यांच्या तब्येतीची काळजी घेतो म्हणून मिरवणाऱ्यांनो, तुमची काळजी फोटोपुरतीच असते.

घरून काम बंद झालं आणि प्रतिमा नांदुऱ्याच्या ऑफिसात परत आली, तेव्हा दारातच तिच्या हातात गुलाब आणि तांब्याची बाटली ठेवली. ‘दिवसभर भरपूर पाणी प्या’ म्हणून तासभर भाषणही झालं. तरी तिची बाटली सकाळी भरलेली, ती संध्याकाळीही भरलेलीच. मूतखड्याच्या कळा उठायला लागल्या, डॉक्टरनं रागे भरून पाहिलं, पण ऑफिसात ती घोटभरही पाणी पीत नव्हती.

शेवटी मॅनेजरनं तिला नव्या वेलनेस रूममध्ये बोलावलं. अर्ध्या भिंतीपर्यंत पांढऱ्या टाइल्स, मधोमध मसाजची खुर्ची आणि तिच्यात ऐसपैस रेललेले साहेब.

“मॅडम, कंपनी तुमच्यासाठी एवढं करून राह्यली, अन् तुमच्याच्यानं साधं पाणी पेणं होत नाही? काऊन बरं?”



“पेतो ना साहेब. पण बायांचं बाथरूम होतं, तिथंच तुम्ही ही खुर्ची मांडली. आता आम्ही जायचं कुठं, ते तुम्हीच सांगा!”