वेल्सिनचं कोनफळ

पोनपेई बेटावरचा पुरुष आपल्या कोनफळाबद्दल कधीही खोटं बोलत नाही. तो त्याबद्दल बोलतच नाही, त्यामुळे हा नियम पाळायला सोपा जातो.

वेल्सिन मात्र बोलत होता. हातात रिकामं पोतं धरून तो मेजवानीच्या मांडवात उभा होता आणि तेच तेच म्हणत होता, "मामा, माझ्याकडे कोनफळ नाही."

दामियानमामा पाड्याचे मुखिया आणि वेल्सिनच्या बायकोचे सख्खे मामा. त्यांच्यामागे मदतीच्या जहाजातून आलेली तांदळाची पोती रचली होती. समोर सकाऊ या गुंगी आणणाऱ्या पेयाची मुळं कुटायचा मोठा दगड होता. मुळं होती, पण पाऊस गेल्यापासून त्यांचा रस काढायला पाणी नव्हतं. तरी पुरुष सवयीनं त्या कोरड्या दगडाभोवती बसले होते. वेल्सिनचं बोलणं ऐकून त्यांनी आदरानं माना खाली घातल्या.

"बघा," दामियानमामा म्हणाले, "असं बोलावं माणसानं."

रीतच तशी आहे. सणाला मोठ्या सरदारापुढे जो सगळ्यात मोठं कोनफळ ठेवील, त्याची पदवी वाढते. पण वर्षानुवर्षं जमिनीत पोसलेल्या त्या कंदाबद्दल अवाक्षर काढणं हलकटपणाचं समजतात. दोघांना उचलवेल एवढं असलं, तर म्हणायचं, बोटाएवढं आहे. सहा जणांना उचलवेल एवढं असलं, तर म्हणायचं, उंदरांनी खाल्लं. वेल्सिनचा बाप दर सणाआधी 'काहीच नाही' म्हणायचा. त्याचं कोनफळ आणायला बारा माणसं लागायची आणि वाटेवरची झाडं तोडावी लागायची.

वेल्सिनचं कोनफळ डुकरांनी उकरून खाल्लं होतं. मागे राहिलेला वेल उन्हानं जाळला. ज्यांचे वेल रस्त्याकडेला वाळले त्यांना तांदूळ मिळाला, कारण ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर वाळले. वेल्सिनचा वेल डोंगरात होता आणि दुसऱ्याचा वेल बघायला जाणं म्हणजे दुसऱ्याच्या न्हाणीत डोकावणं. लोकांना दिसत होतं ते एवढंच, की हा रोज पहार घेऊन वर जातो आणि पानांत काहीतरी झाकून खाली येतो. पानांत रानातली कडू मुळं असायची. ती पुन्हा पुन्हा उकळून पाणी फेकलं तरी थोरल्या पोराच्या पोटात ठरत नव्हती. धाकटी आता रडतही नव्हती.

"मामा, खरंच नाही हो. डुकरांनी खाल्लं."

"डुकरांनी!" म्हातारा एलिपर कौतुकानं म्हणाला. "म्हणजे आठ माणसं तरी लागतील."

"आठात काय होतंय? दहा धरा," दुसरा म्हणाला.

"आणि रिकामं पोतं घेऊन आलाय. बापानंसुद्धा एवढं केलं नव्हतं हो."

दामियानमामांनी वेल्सिनच्या खांद्यावर हात ठेवला. "हे बघा जावईबापू, तांदूळ आहे थोडा. तुम्ही मागता, ते तुमच्या घराण्याला शोभतं. पण मी दिला, तर खऱ्या उपाशी माणसाच्या तोंडचा घास जाईल."

तेवढ्यात वेल्सिनची बायको क्लारीन मांडवात आली. धाकटी तिच्या कडेवर होती. पोरीची मान आईच्या खांद्यावरून मागे लोंबत होती.

"मामा, त्यांचं राहू द्या. मी सांगते ना, घरात काही नाही. हिच्याकडे बघा तरी."

मामांनी बघितलं आणि नजर काढून घेतली. "बाई गं, पुरुष बायकोला तरी कुठे सांगतो, डोंगरात काय आहे ते? सणापर्यंत कळ काढ. एकदा ते बाहेर निघालं, की सगळा पाडा खाईल."

"सणापर्यंत ही राहील का, मामा?"

मागे एक जण तांदळाच्या पोत्याचं तोंड शिवत होता, तो शिवत राहिला.

वेल्सिननं हातातलं पोतं जमिनीवर आपटलं.

"आहे!" तो ओरडला. "आहे माझ्याकडे कोनफळ! या बेटावर कुणाच्या बापाकडे नाही एवढं आहे! वीस माणसं लागतील, वीस! मामा, तुमचं त्याच्यापुढे मुळा आहे, मुळा! आणि ह्या एलिपरचं तर माझ्या डुकरांनी हुंगलंही नसतं!"

मांडवात असं कधी कुणी बोललं नव्हतं. एलिपरनं दोन्ही कानांवर हात ठेवले. क्लारीननं पोरीच्या केसांत तोंड लपवलं. जन्माचा अबोल एक म्हातारा उठून बाहेर जाऊन थुंकून आला. दामियानमामा मात्र वेल्सिनकडे एकटक बघत राहिले. पाण्यातून वर काढलेल्या माणसाकडे बघावं, तसे. त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"अरेरे," ते म्हणाले. "ह्याच्याकडे तर काहीच नाही रे."

मग ते मागे वळले. "पोतं भरा त्याचं. बघता काय? भरा!"

भरलं. भरताना त्याच्याकडे कुणी बघितलं नाही. मांडवातली मधल्या खांबाजवळची बैठक आज्याच्या वेळेपासून वेल्सिनच्या घराची होती. ती त्याच दुपारी दुसऱ्या घराला दिली, आणि ते कुणाला वावगं वाटलं नाही, वेल्सिनलाही नाही.

तांदूळ पुढच्या रविवारपर्यंत पुरला.