दारातली जीप

सहभागी क्रमांक सतरा यांचे नाव आम्ही कुठेही लिहिले नव्हते. क्षयरोगाच्या आमच्या अभ्यासात सर्वांना क्रमांकच होते. संमतिपत्रे कुलूपबंद कपाटात आणि किल्ली माझ्याकडे.

"किल्ली सांभाळताय ते बरंय, साहेब," सतरा क्रमांकाच्या बाई म्हणाल्या. "पण ती जीप?"

मी बाहेर पाहिले. जीपच्या दोन्ही बाजूंना ठळक अक्षरांत लिहिले होते : क्षयरोग संशोधन प्रकल्प. सहा महिने दर मंगळवारी ती याच दारात अर्धा तास उभी राहत होती.

"मी बरी झाले, तरी शेजारीण आमच्याकडं चहा घेत नाही. रविवारी पोरीला बघायला पाहुणे यायचेत. आमचं घर कुठं ते त्या शेजारणीलाच विचारतील."

"अक्षरे पुसून घेतो."

"आता पुसून काय होतंय? सगळ्यांनी वाचलंय. त्यापेक्षा सगळ्यांच्याच दारात उभी करा."

बुधवार ते शनिवार रोज येऊन जीप वाडीतल्या बेचाळीस घरांपुढे प्रत्येकी अर्धा तास उभी राहिली. सरपंचांच्या दारात एक तास.

रविवारी पाहुण्यांना शेजारणीनेच दारापर्यंत आणले आणि त्यांच्यासोबत बसून चहाही घेतला.

महिनाअखेरीस कार्यालयाने चार जादा फेऱ्यांचे कारण विचारले. त्या रकान्यात मी लिहिले : गोपनीय.