जाळीतल्या अक्षता

भोसरीच्या गॅरेजमध्ये मेकॅनिकने हायब्रिड गाडीच्या मागच्या सीटशेजारची जाळी उघडली आणि मूठभर अक्षता काढल्या, सुक्या झेंडूसकट. “काका, पंखाच जाम झालाय. हवा मिळेना, म्हणून बॅटरी तापून गेली.” दिनकररावांनी त्या अक्षता तळहातावर घेतल्या. गाडी घेतली त्या वर्षी त्यांनीच बायकोला, शालनला, कौतुकाने दाखवलं होतं, “बॅटरी इथून श्वास घेते.” तेव्हापासून दर खंडेनवमीला ती आधी जाळीची पूजा करी, मग बॉनेटची. चाकणच्या कंपनीत तीस वर्षं मेंटेनन्स सांभाळलेले दिनकरराव ताट धरून उभे असत. घरी त्यांनी सांगितलं, “बॅटरीचं वय झालं होतं.” नवी बॅटरी बसली. यंदा खंडेनवमीला त्यांनी जाळीवर पूजेपुरती चिकटपट्टी मारली, मग शालनला बोलावलं. तिने वाकून पट्टीवरून बोट फिरवलं. “अहो, वय झालं होतं ना तिचं?” म्हणत चिमटीतल्या अक्षता परत ताटात ठेवल्या.