दोन बोळकी

"मांजरीला मऊ भात आन् मला वाळकी भाकरी! ही कुठली रीत म्हणायची?" ताटावर बसल्या बसल्या साखरबाई पुटपुटली, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

मांजरीच्या हिरड्या सडल्या म्हणून दौंडच्या जनावरांच्या डॉक्टरांनी तिचे सगळे दात काढले होते. तेव्हापासून सून राजश्री अळणी चिकन-भात शिजवून, बोटांनी कुस्करून, तिला मांडीवर घेऊन भरवायची. साखरबाईच्याही तोंडाचं बोळकं झालं होतं आणि कवळी हिरडीला टोचायची. तरी तिच्या ताटात भाकरीच पडायची, तीही कालची.

"अगं, दात मलाबी न्हाईत!" आता मात्र ती मोठ्यानं बोलली. "त्या मुक्या जीवाची दया येती, मग माझी का न्हाई?"

कुरकुंभच्या कंपनीतून शिफ्ट करून आलेल्या महेंद्रनं, तिच्या लेकानं, मोबाइलमध्ये मान घातली. तिच्या म्हाताऱ्या नवऱ्यानं चहाचा कप तोंडाला लावला.

राजश्रीनं मांजरीची हनुवटी पदरानं हळूच पुसली.



"पोरगी झाली म्हणून बाळंतपणात मला शिळी भाकरी हिनं न्हवती घातली, आत्या."