तपासूनच घ्यायचं

यार्निसकाकूंच्या गाड्यांच्या पार्टच्या दुकानातून आणलेला नवाकोरा ब्रेकलाइटचा स्विच तिसऱ्याच दिवशी मेला आणि बुजांगच्या वडापच्या गाडीला मागून ट्रकने दणका दिला. अख्ख्या पादांग शहरात नाव मात्र तो बसवणाऱ्या वायरमन रुस्दीचं खराब झालं. दुकानात काकूंच्या डोक्यावर पाटी होतीच : 'विजेचा माल परत घेतला जाणार नाही.' म्हणून आज रुस्दीने काउंटरवरच बॅटरी मांडली आणि टेस्टर जोडून तो एकेक नवा स्विच दाबून बघायला लागला.

एकाही स्विचला टेस्टरचा दिवा लागेना. सातवा खोका फोडेपर्यंत बघे जमले.

"काकू, दुकान पार्टचं आहे की भंगाराचं?" रुस्दीने विचारलं.

काकूंनी अंडं फेटून केलेल्या चहाचा ग्लास खाली ठेवला आणि टेस्टरची दोन्ही टोकं थेट बॅटरीला टेकवली. दिवा तेव्हाही लागला नाही.

"हा टेस्टर कुठून आणलास रे?"

"तुमच्याकडूनच," रुस्दीचा आवाज एकदम खाली आला. "सकाळी काका होते दुकानात. तुमचा माल तपासायला म्हणून मुद्दाम नवा घेतला."



"नवा माल तपासून घ्यावा रे बाबा," काकू म्हणाल्या आणि त्यांनी डोक्यावरच्या पाटीकडे बोट दाखवलं.