कानातलं मशीन

पप्पा रोज सकाळी कानातलं मशीन काढून टेबलावर ठेवत आणि अर्धा तास गप्प प्रार्थनेला बसत. "ऐकायला बसता आणि मशीन काढता?" कृपा चिडवायची. "प्रभूला मशीन लागत नाही गं." नंतर विचारायची, "काय म्हणाला प्रभू?" "आज काही नाही," ते हसून म्हणत आणि चहा मागत. वर्षानुवर्षं हेच उत्तर. ते गेल्यावर शरणपूरच्या घरात ती एकटीच उरली. महिनाभर त्यांच्या खुर्चीत बसून तिनं कान लावला, पण शेजारच्या कुकरच्या शिट्टीपलीकडे काही ऐकू आलं नाही. आजही तसंच झालं तर बसणं सोडायचं, असं तिनं ठरवलं. अर्धा तास सरला. आता विचारणारं कोणी नव्हतं. तिनं त्यांचं मशीन तळहातावर घेतलं, फडक्यानं पुसलं. "आज काही नाही, पप्पा," ती म्हणाली, आणि उद्यासाठी ते पुन्हा टेबलावर ठेवलं.