एसीचं माप

सरकत्या जिन्याला बिचकून, व्हिएतनाममधल्या हुए शहरातल्या नव्या मॉलचे चार मजले पायीच चढलेल्या लुआन आजोबांच्या पोटऱ्यांत गोळे आले होते, तरी एसीच्या दुकानातून ते काही हलेनात. एका एसीची वितीने लांबी-रुंदी मोजली, झडपा मोजल्या, नळी कुठून निघते तेही वाकून पाहिलं.

"आजोबा, घ्यायचाय का नुसताच चाचपायचाय?" दुकानातली दिएप वैतागली. "तास झाला की हो!"

"रागावू नको, पोरी. उद्यापर्यंत हवाच आहे. बायकोला उकाडा अजिबात सोसत नाही, रात्र रात्र तळमळते."

"मग खोली केवढी आहे तेवढं सांगा. त्या मापाचा दाखवते."

आजोबा दमून तिथल्याच खुर्चीवर टेकले. "खोली मी अजून पाहिली नाही गं."

 

दुसऱ्या दिवशी बायकोच्या श्राद्धाला, कामट्यांवर पांढरा कागद चिकटवून स्वतः केलेला एसी, तिच्यापर्यंत पोचावा म्हणून, त्यांनी कागदी कपड्यांसोबत अंगणात जाळला; आणि वर जाणाऱ्या धुराकडे बघत हळूच म्हणाले, "घे, आता तरी नीज."